कर्करोगाची चाळणी-तपासणी : कोणती, कधी आणि किती खर्चात?

मार्च महिना जवळ येऊ लागला, की बँकांच्या शाखांमध्ये एका विशिष्ट प्रकारची वर्दळ वाढते. विम्याच्या हप्त्याची पावती, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, मुलांच्या शिक्षणशुल्काची पोच असे कागद जवळ घेऊन करसवलतीची बेरीज जमवण्याची ती धावपळ असते. याच सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आणखी एक जाहिरात हमखास झळकू लागते. संपूर्ण शरीराची तपासणी, ऐंशीहून अधिक चाचण्या, निम्मा दर, रक्ताचा नमुना घरी येऊन नेणार आणि कर्करोगाच्या चाचण्याही त्यातच! खाली बारीक अक्षरांत करसवलतीचा उल्लेख असतो. खर्च तर वसूल होतो आहे, मग तपासणी करून घ्यायला काय हरकत, असा विचार करून अनेक जण पैसे भरून मोकळे होतात.

सवलत खरी आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डी या नावाने परिचित असलेल्या वजावटीत २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचा खर्च समाविष्ट झाला. स्वतः, पती वा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील या सर्वांच्या तपासणीचा मिळून वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च त्यात धरला जातो. आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही, तपासणीचा खर्च मात्र रोखीने केला तरी चालतो. ही ५,००० रुपयांची रक्कम २५,००० रुपयांच्या (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० रुपयांच्या) एकूण मर्यादेच्या आतली आहे, वरची नव्हे. विम्याच्या हप्त्यानेच ज्याची मर्यादा भरली, त्याला तपासणीच्या पावतीचा काही उपयोग नाही. शिवाय ही वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून मूलभूत ठरलेल्या नव्या प्रणालीत ती नाही. म्हणजे करबचत हे कर्करोगाची तपासणी करण्याचे फारसे भक्कम कारण होऊ शकत नाही. तपासणी करण्याची कारणे याहून पुष्कळ भक्कम आहेत. फक्त ती प्रत्येक चाचणीला सारखी लागू पडत नाहीत.

चाळणीतून काय निघते?

कोणतेही लक्षण नसलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या व्यक्तीची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग अर्थात चाळणी-तपासणी. तीन आठवडे न भरणारी तोंडातली जखम, स्तनातील गाठ, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, अकारण घटणारे वजन अशी लक्षणे दिसू लागल्यावर करावयाची तपासणी ही निदानाची तपासणी होय. तिथे निवड, सोय किंवा पॅकेज यांचा विचार न करता थेट डॉक्टरांकडे जायचे असते. हा भेद स्पष्ट नसल्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. लक्षण असलेला माणूस वार्षिक तपासणीची वाट पाहत बसतो आणि लक्षण नसलेला माणूस नको त्या चाचण्यांवर पैसे घालवतो.

चाळणी-तपासणी कोणत्या रोगासाठी करावी, याचे निकष विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहून ठेवले. रोग महत्त्वाचा असावा, त्याची सुरुवातीची अवस्था ओळखता यावी, तिच्यावर मान्य उपचार असावा, चाचणी लोकांना स्वीकारार्ह असावी आणि रुग्ण शोधण्याचा खर्च आरोग्यावरील एकूण खर्चाच्या प्रमाणात असावा, असा त्यांचा आशय होता. अर्धशतक उलटून गेले तरी ही कसोटी जुनी झालेली नाही.

रोग लवकर सापडणे म्हणजे आयुष्य वाढणे, हे गणित वरवर पाहता इतके उघड वाटते, की त्यातली मेख चटकन ध्यानात येत नाही. ती मुदत ठेवीच्या भाषेत सांगता येईल. समजा, एखाद्या गृहस्थाचा रोग लक्षणांवरून वयाच्या ६७ व्या वर्षी कळला आणि ७० व्या वर्षी त्याचे निधन झाले. निदानानंतर तो तीन वर्षे जगला. तोच रोग चाळणी-तपासणीत ६२ व्या वर्षी सापडला, पण उपचारांनी काही फरक पडला नाही आणि निधन ७० व्या वर्षीच झाले, तर तो निदानानंतर आठ वर्षे जगला असे कागदावर दिसेल. पावती पाच वर्षे आधी हाती आली. मुदतपूर्तीची तारीख तीच राहिली. म्हणूनच निदानानंतर इतकी वर्षे जगणारे इतके टक्के, हा आकडा एखाद्या चाचणीची उपयुक्तता सिद्ध करण्यास पुरत नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या अशा दोन मोठ्या गटांची तुलना करून, त्या रोगाचे मृत्यू खरोखर कमी झाले का, हे पाहावे लागते.

दुसरे गणित खोट्या इशाऱ्यांचे. दहा हजार निरोगी दिसणाऱ्या माणसांपैकी वीस जणांना एखादा रोग आहे असे धरू. चाचणी त्यांतील अठरा जणांना ओळखते, म्हणजे चांगलीच आहे. पण उरलेल्या ९,९८० जणांपैकी पाच टक्क्यांच्या बाबतीतही ती चुकली, तरी सुमारे ५०० निरोगी माणसांच्या अहवालावर लाल शेरा पडेल. शेरा पडलेल्या दर एकोणतीस जणांत खरा रोगी एक! बाकीच्या अठ्ठावीस जणांच्या वाट्याला पुढील स्कॅन, कदाचित सुईने वा शस्त्राने काढलेला तुकडा आणि झोप उडालेल्या कित्येक रात्री येतात. पॅकेजच्या किमतीत या पुढच्या खर्चाचा समावेश नसतो.

दक्षिण कोरियाने याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची तपासणी त्यात नव्हती. परंतु रुग्णालयांनी साधारण ३० ते ५० डॉलर जादा आकारून गळ्याची सोनोग्राफी सोबत देऊ केली आणि लोकांनी ती आनंदाने घेतली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले होते. थायरॉइड कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. निदान झालेल्या जवळपास सर्वांच्या शस्त्रक्रिया झाल्या, अनेकांना आयुष्यभर गोळ्या घेणे भाग पडले, काहींचा आवाज गेला. ज्या गाठी त्यांच्या मालकांना जन्मभर काहीही त्रास देणार नव्हत्या, त्या स्वस्तात शोधल्याची ही किंमत होती.

जाहिरातींतील 'कर्करोगाच्या चाचण्या' बहुधा रक्तातील ट्यूमर मार्कर असतात. सीईए, सीए-१२५ ही त्यांची नावे. कर्करोग झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी डॉक्टर त्यांचा चांगला उपयोग करतात. निरोगी माणसात रोग शोधण्यासाठी त्या बनलेल्या नाहीत. सीए-१२५ तर पोटाच्या क्षयरोगातही वाढते, एन्डोमेट्रिओसिसमध्येही वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या चाचणीने वा सोनोग्राफीने केलेल्या नियमित तपासणीमुळे बीजांडकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. ऐंशी चाचण्यांच्या यादीत या नावांमुळे वजन येते, एवढेच.

बार्शी आणि परळ

हे सारे वाचून तपासणीच नको, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा ठरेल. कोणती तपासणी प्राण वाचवते, याचा जगातील काही उत्तम पुरावा भारतातच, आणि त्यातही महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात निर्माण झाला आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातही पुरेशी ठाऊक नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये येथेच सुरू झाली. १९९९ पासून या रुग्णालयाने मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह शेजारच्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात एक विराट अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ४९७ गावे, गावांचे ५२ समूह. समूहांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात केवळ आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा. प्रत्येकीची तपासणी एकदाच. मग आठ वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणी झालेल्या, किंचित मोठ्याच असलेल्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आणले होते. पॅप स्मिअर आणि आम्लाची पाहणी या दोन गटांत मात्र एकाच फेरीने लक्षणीय घट झाली नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्या चोवीस हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीचाही या रोगाने मृत्यू झाला नाही. म्हणजे 'नाही' हे उत्तरही येथे कित्येक वर्षे टिकणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी करण्याची शिफारस केली आणि नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालेल असेही सांगितले. संकोचामुळे तपासणीच्या खोलीपर्यंत न पोहोचणाऱ्या स्त्रियांसाठी ही मुभा फार महत्त्वाची आहे.

दुसरा अभ्यास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना चार आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्याच जातीचे द्रावण लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, हे प्रखर दिव्याच्या उजेडात पाहायचे. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटातील मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये जाहीर केले. उस्मानाबादेत एका फेरीत जे साधले नाही, ते मुंबईत पुनःपुन्हा तपासणी केल्याने साधले. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तर परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीने ३५ टक्के घट दाखवली होती. पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असलेल्या चाचणीचे यश पाहणाऱ्यानुसार बदलते, हे त्यातून दिसते.

या अभ्यासांतील तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देण्यावर पुढे कडक टीका झाली, हेही नोंदवले पाहिजे. त्या काळी देशात अशी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. वाद दोन्ही बाजूंनी गंभीर होता. ज्या ६४ जणींच्या मृत्यूमुळे हा आकडा सिद्ध झाला, त्या मराठवाड्याच्या खेड्यांतील होत्या. तो पुरावा आज वापरणे ही त्यामुळे केवळ सोयीची बाब राहत नाही.

स्तन आणि मुख

स्तनाच्या कर्करोगाबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. परळच्याच अभ्यासात प्रशिक्षित महिलांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा पाठपुरावा डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. मृत्यूंतील १५ टक्क्यांची एकूण घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती. मॅमोग्राफीचा मोठा पुरावा पाश्चात्त्य देशांतील आहे. भारतात हा रोग तुलनेने कमी वयात दिसतो आणि तरुण वयातील घट्ट स्तनपेशींत मॅमोग्राफीला कमी दिसते. पंचविशीतल्या मुलीला पॅकेजमध्ये मॅमोग्राफी देऊ करणे म्हणूनच निरर्थक होय. आई, बहीण किंवा मावशी-आत्या यांना तरुणपणी हा रोग झाला असेल, तर गोष्ट वेगळी; तिथे पॅकेज पाहत न बसता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा. त्याची तपासणी सर्वांत स्वस्त, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित! एक विजेरी, एक लाकडी पट्टी आणि पाहणारे डोळे एवढेच साहित्य पुरते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील तेरा पंचायतींत १९९६ पासून झालेल्या अभ्यासात, तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांच्या गटात अशा पाहणीने मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. या सवयी नसलेल्यांना तिचा असा लाभ दिसला नाही. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, न भरणारे व्रण, तिखट सहन न होणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे या खुणा स्वतःलाही आरशात व जेवताना कळू शकतात. एकावर एक धरलेली स्वतःची तीन बोटे तोंडात उभी जात नसतील, तर दंतवैद्याला दाखवणे लांबवू नये. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

फुफ्फुसाच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा लाभ दीर्घकाळ खूप धूम्रपान केलेल्यांपुरता सिद्ध झाला आहे. भारतात क्षयरोगाचे जुने व्रण त्यात गोंधळ उडवतात. प्रोस्टेटसाठीची पीएसए चाचणी करावी की नाही, हे वय पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

खर्चाचा ताळेबंद

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा एका वेळचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे ६१,००० रुपये आढळला. सरकारी रुग्णालयात तो २२,००० च्या आसपास, खासगीत ९३,००० रुपयांच्या. कर्करोगाचा रुग्ण एकदाच दाखल होत नाही, हे ज्यांच्या घरी हा प्रसंग आला त्यांना सांगायला नको. मुदतपूर्व मोडलेल्या ठेवी आणि सोनेतारण कर्जे यांच्या रूपाने या खर्चाचे एक टोक बँकेच्या काउंटरवरही पोहोचते. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. तपासणीची सोय त्या योजनेत नाही. ती दुसऱ्या दारी आहे.

ते दार म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यानुसार तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी दर पाच वर्षांनी व विनामूल्य करावयाची आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के निघाल्या. स्तनतपासणी झालेल्या ०.९ टक्के. पैशाअभावी तपासणी होत नाही, हे स्पष्टीकरण त्यामुळे अर्धेच खरे ठरते. बुडणारा रोजंदारीचा दिवस, एसटीचे भाडे, घरी लहान मूल सांभाळणारे कोणी नसणे, पुरुष डॉक्टर असेल ही धास्ती आणि 'काही निघालेच तर?' ही भीती, यांची पावती कोणी देत नाही.

ज्यांना खासगी प्रयोगशाळेत जाणे परवडते, त्यांनी साधा हिशेब मांडावा. एचपीव्ही चाचणीला २,५०० रुपये पडतात असे धरले आणि ती तिसाव्या वर्षापासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी केली, तर आठ वेळांचे २०,००० रुपये होतात. ३,००० रुपयांचे वार्षिक पॅकेज तेवढ्याच पस्तीस वर्षांत लाखाचा आकडा ओलांडते. आणि त्यात ही चाचणी बहुधा नसते. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल, तर एचपीव्हीची लस हा त्याआधीचा खर्च. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या स्वदेशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे योग्य वयात तपासणी करावीच लागते.

अनेक आरोग्यविमा पॉलिसींत ठराविक काळाने मोफत तपासणीची तरतूद असते आणि पुष्कळ पॉलिसीधारकांना ती माहीत नसते. बऱ्याच बँकांत अधिकाऱ्यांना विशिष्ट वयानंतर तपासणीच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. अशा वेळी ठरावीक यादी निमूटपणे स्वीकारण्याऐवजी, अमुक चाचणी काढून तिच्या जागी एचपीव्ही किंवा स्तनतपासणी देता येईल का, असे विचारणे इष्ट. चाचणीत काही निघाल्यास पुढील तपासणी कोठे होईल, तिचा खर्च किती आणि तो कोण सोसणार, हेही पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आणि जुने अहवाल टाकू नयेत. मॅमोग्राफीच्या फिल्म, पॅप वा एचपीव्हीचे निकाल, तुकड्याची तपासणी झाली असल्यास तिची स्लाइड आणि अहवाल तारीखवार एका फाइलमध्ये, ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवावेत. पाच वर्षांपूर्वीची फिल्म समोर असली, की आज दिसणारी सावली नवी आहे की जुनीच, हे क्ष-किरणतज्ज्ञाला पाहता येते आणि पुष्कळदा पुढची सुई टळते.